गिअर का अडतो? तेलाच्या अंगाने एक इतिहास

मोटार चढाला लागली आहे. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज वाढतो, फेऱ्या दाखवणारा काटा भराभर वर चढतो, पण गाडीचा वेग काही वाढत नाही. दुसऱ्या एखाद्या गाडीत याच्या उलट प्रकार असतो. गिअर बदलतो खरा, पण पाठीत कोणी बुक्की मारावी तसा. तिसरी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये जी अडकते ती पुढे जायलाच तयार नसते.

आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीत असे काही झाले की 'गिअरबॉक्स गेली' असे म्हणून मोकळे होण्याकडे कल असतो. मग ती उतरवायची, खोलायची आणि मोठा खर्च करायचा. गंमत अशी की खोलल्यावर बहुतेक वेळा गिअरांचे दाते शाबूत असतात. बिघाड असतो तो कधी दाबात, कधी एखाद्या छोट्या पडद्यात, कधी तेलाच्या रसायनात. हे असे का, हे समजण्यासाठी या यंत्राचा इतिहास उपयोगी पडतो. हा इतिहास मुख्यतः अमेरिकेतला आहे, कारण १९४० पासून तिथेच या गाड्या घरोघरी पोचल्या. आपल्याकडे २०१४ मध्ये मारुती सेलेरिओपासून जी स्वस्त 'ऑटोमॅटिक' पद्धत रुळली, तिच्यात नेहमीच्याच गिअरबॉक्सचा क्लच आणि दांडा यंत्र हलवते. ती गोष्ट निराळी. इथे आपण पाहणार आहोत ती पद्धत तेलावर चालते.

या पद्धतीत तेलाला चार कामे असतात. ते शक्ती वाहते, हुकूम पोचवते, उष्णता बाहेर नेते आणि घर्षणाला वळण लावते. शेवटचे काम सर्वांत उशिरा लक्षात आले, आणि त्याची किंमत समुद्रातल्या एका प्राण्याने मोजली.

शक्ती वाहणारे तेल

टेबलावरचे दोन पंखे समोरासमोर ठेवा. एकच सुरू करा. थोड्या वेळाने दुसऱ्याची पातीही फिरू लागतात. दोघांमध्ये दांडा नाही, पट्टा नाही. फक्त हवा आहे. हवेच्या जागी तेल घेतले आणि दोन्ही पंखे एका बंद डब्यात बसवले की झाले तेलाचे जोडयंत्र.

ही कल्पना मोटारीसाठी निघालेली नव्हती. जर्मनीत श्टेटिन येथील व्हल्कन जहाजकारखान्यात हेरमान फोटिंगर हा अभियंता होता. वाफेच्या टर्बाइनला वेगाने फिरण्यात फायदा, तर जहाजाच्या पंख्याला सावकाश फिरण्यात. एवढी मोठी शक्ती पेलतील असे दातेरी गिअर तेव्हा मिळणे कठीण होते. फोटिंगरने मध्ये द्रव घालून ही अडचण सोडवली आणि १९०५ मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्याने दोन पंख्यांच्या मध्ये तिसरी, स्थिर पाती बसवली. दुसऱ्या पंख्याला ढकलून परतणारे तेल या पात्यांवर वळते आणि पहिल्या पंख्याला मदत होईल अशा दिशेने जाते. त्यामुळे फेऱ्या कमी होतात, पण पिळाचा जोर वाढतो. यालाच आज टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. १९३० मध्ये इंग्लंडच्या डेमलर कंपनीने स्थिर पाती नसलेले साधे जोडयंत्र आपल्या गाड्यांत बसवले.

जनरल मोटर्सने अर्ल थॉम्पसन यांच्या गटाने घडवलेली 'हायड्रामॅटिक' १९४० सालच्या ओल्ड्समोबाइल गाड्यांत आणली. तीत तेलाचे जोडयंत्र होते आणि त्यामागे ग्रहमालेसारखे गिअर. मध्ये एक दातेरी चाक (सूर्य), भोवती फिरणारी छोटी चाके (ग्रह), आणि सर्वांना वेढणारे, आतून दाते असलेले कडे. या तिघांपैकी कोणाला धरून ठेवायचे आणि कोणाला फिरू द्यायचे यावर वेगाचे गुणोत्तर ठरते. इथे दाते एकमेकांतून कधीच सुटत नाहीत, म्हणून ते घासूनही निघत नाहीत. गिअर बदलणे म्हणजे एक पकड सोडणे आणि दुसरी घेणे. ही पकड घेतात पोलादी पट्टे आणि एकावर एक रचलेल्या क्लचच्या चकत्या. आपण 'गिअर अडला' म्हणतो तेव्हा खरे तर पकड चुकलेली असते. ती बसत नाही, उशिरा बसते किंवा एकदम बसते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या 'एम ५' या हलक्या रणगाड्यात दोन कॅडिलॅक इंजिने आणि त्यांच्या जोडीला दोन हायड्रामॅटिक बसवल्या गेल्या. युद्ध संपले तेव्हा हे यंत्र खडतर परीक्षा देऊन आलेले होते.

पंखा पंख्याला ढकलतो तेव्हा थोडी घसरण होतेच, आणि घसरण म्हणजे उष्णता. ती किती असते याचा अंदाज जुन्या मेकॅनिकांच्या एका चाचणीवरून येतो. ब्रेक पक्का दाबून, गाडी गिअरमध्ये ठेवून, ॲक्सिलरेटर काही क्षण पूर्ण दाबायचा. चाके थांबलेली असल्याने इंजिन एका ठरावीक फेऱ्यांवर अडते. फेऱ्या त्याहून जास्त गेल्या तर आत कुठली तरी पकड निसटते आहे. कमी राहिल्या तर इंजिन अशक्त आहे किंवा स्थिर पाती पुढेमागे फिरू लागली आहेत. एकच आकडा दोषाची दिशा सांगतो. पण त्या वेळी इंजिनाची सगळी शक्ती तेल तापवण्यात जाते. इंजिन ५० किलोवॅट शक्ती देत असेल तर ५ सेकंदांत २५० किलोज्यूल. कन्व्हर्टरमध्ये ४ किलो तेल धरले आणि त्याची विशिष्ट उष्णता २ धरली, तर तापमान ३१ अंशांनी वाढेल. म्हणूनच ही चाचणी ५ सेकंदांपलीकडे करायची नसते, आणि हौशी माणसाने तर मुळीच करू नये. गणित मात्र नववीच्या वर्गात करता येईल.

हुकूम पोचवणारे तेल

गिअर केव्हा बदलायचा हे संगणक नसताना कोण ठरवत होते? तेच तेल.

एका छोट्या सरकत्या झडपेची कल्पना करा. तिच्या एका टोकाला गाडीच्या वेगानुसार वाढणारा तेलाचा दाब. तो गव्हर्नरकडून येतो. वाफेच्या इंजिनावर वॅटने वापरलेल्या फिरत्या वजनांचाच हा वंशज. दुसऱ्या टोकाला ॲक्सिलरेटर किती दाबला आहे त्यानुसार वाढणारा दाब, आणि त्याच्या मदतीला स्प्रिंग. वेगाची बाजू जड झाली की झडप सरकते, तेलाची नवी वाट उघडते आणि वरचा गिअर पडतो. पाय हलका असेल तर गिअर लवकर बदलतो. पाय जोरात दाबलेला असेल तर उशिरा बदलतो, कारण चालकाला जोर हवा आहे. तराजूच्या दोन पारड्यांसारखेच हे.

आता दोषाकडे पाहा. वेगाचे पारडे हलके झाले, म्हणजे गव्हर्नर कचऱ्याने अडकला, तर वरचा गिअर पडतच नाही. पायाचे पारडे खोटेच जड झाले तर गिअर उशिरा आणि दणक्याने पडतो.

या दुसऱ्या दोषाचे एक उदाहरण मुद्दाम सांगण्यासारखे आहे. १९६० च्या दशकात जनरल मोटर्सच्या 'टर्बो-हायड्रामॅटिक ४००' आणि फोर्डच्या 'सी ४', 'सी ६' या गिअरबॉक्समध्ये पायाचा जोर अप्रत्यक्षपणे मोजला जाई. इंजिन हवा आत ओढते तेव्हा नळीत निर्वात तयार होतो. पाय हलका असताना तो जास्त असतो, जोर दिला की कमी होतो. एका डबीतला रबरी पडदा हा फरक ओळखून तेलाचा दाब ठरवी. नळीला चीर गेली की पडद्याला निर्वात मिळत नाही, आणि गिअरबॉक्सची समजूत होते की चालकाने पाय पूर्ण दाबला आहे. गिअर उशिरा आणि दणक्याने पडू लागतात.

पडदाच फाटला तर आणखी विचित्र गोष्ट घडते. इंजिन त्या नळीतून गिअरबॉक्सचे तेल शोषून घेते आणि जाळते. मालकाची तक्रार अशी असते: 'गिअर दणके देतो. तेल कमी होते, पण गाडीखाली थेंब दिसत नाही. आणि हो, मागून पांढरा धूर येतो.' तीन तक्रारी, त्यांतली तिसरी तर इंजिनाचीच वाटते. मेकॅनिक ती रबरी नळी काढून आत पाहतो. आत लाल तेल दिसले की तिन्ही तक्रारींचे कारण एकच. काही डॉलरांची डबी बदलायची. गिअरबॉक्स खोलायची गरज नाही. एक कारण अनेक लक्षणे समजावून देते तेव्हा ते बरोबर असण्याची शक्यता वाढते, हे विज्ञानाच्या पाठात सांगायला याहून सोपे उदाहरण क्वचितच मिळेल.

हुकूम दाबाने जात असेल तर तेलात हवा मिसळणे घातक. दोन इंजेक्शनच्या सिरिंज एका नळीने जोडून, पाण्याने भरून मुलांच्या हातात द्या. एक दट्ट्या दाबला की दुसरा लगेच सरकतो. मग नळीत हवेचा मोठा बुडबुडा सोडा. आता दट्ट्या दाबला तर आधी हवाच दबते, आणि पलीकडचा दट्ट्या उशिरा, कमी जोराने हलतो. गिअरबॉक्समध्ये तेल कमी असले की पंप हवा ओढतो. आश्चर्य म्हणजे तेल जास्त भरले तरी तेच होते. फिरते भाग ते घुसळतात आणि फेस होतो. दोन्ही वेळा पकड ढिली राहते, चकत्या घसरतात आणि जळतात. कमी आणि जास्त या दोन्ही चुकांचे लक्षण एकच, म्हणून अंदाजाने तेल ओतण्याआधी पातळी मोजावी लागते.

फळ्यावर किंचाळणारा खडू

खडू फळ्यावर विशिष्ट कोनात धरला की किंचाळतो आणि तुटक ठिपक्यांची रेघ उमटते. खडू क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. थांबलेल्या वस्तूचे घर्षण सरकत्या वस्तूच्या घर्षणापेक्षा जास्त असते तेव्हा असे होते.

तेलात बुडालेल्या क्लचच्या चकत्यांचेही हेच. पकड बसताना त्यांच्यातली घसरण कमी होत होत शून्यावर येते. अगदी शेवटी, वेग शून्याजवळ असताना घर्षण एकदम वाढले तर गाडीला धक्का बसतो किंवा ती थरथरते. हे टाळायचे तर तेलात असे रेणू हवेत की ज्यांचे एक टोक धातूला चिकटेल आणि लांब शेपूट बाहेर राहील, गालिच्याच्या लवेसारखे. मग संथ वेगातले घर्षण कमी होते आणि पकड अलगद बसते.

असा पदार्थ निसर्गात तयार मिळत होता, स्पर्म व्हेल या देवमाशाच्या डोक्यात आणि चरबीत. नेहमीच्या तेला-तुपात ग्लिसरॉलला तीन मेदाम्ले जोडलेली असतात. या तेलाचा मोठा भाग मात्र मेणासारख्या एस्टरचा असतो: एक लांब साखळीचे आम्ल आणि एक लांब साखळीचे अल्कोहोल. उष्णतेत आणि दाबाखाली ते चांगले टिकते. जनरल मोटर्सने १९४९ मध्ये 'टाइप ए' हे गिअरबॉक्सच्या तेलाचे मानक ठरवले, १९५७ मध्ये ते सुधारले आणि १९६७ मध्ये 'डेक्सरॉन' आणले. या तेलांत घर्षण मऊ करण्यासाठी देवमाशाचे तेल वापरले जाई. दिवे लावण्यासाठी देवमासे मारण्याचा काळ केव्हाच संपला होता, पण यंत्रांसाठी ते मारले जातच होते. १९६० च्या दशकाच्या मध्यावर जगात वर्षाला वीस हजारांहून अधिक स्पर्म व्हेल मारले जात. गिअर बदलताना हातातला कॉफीचा पेला हिंदकळू नये, या सुखातही त्या शिकारीचा थोडा वाटा होता.

फोर्डने याच काळात वेगळा मार्ग धरला. त्यांच्या 'टाइप एफ' तेलात घर्षण मऊ करणारा पदार्थ नव्हता. पकड झटकन बसावी अशी त्यांची रचना होती. दोन्ही तेले लाल, दिसायला सारखी. पण एकाची जागा दुसऱ्याने घेतली की दोष तयार. फोर्डच्या यंत्रात डेक्सरॉन घातले तर चकत्या घसरत; जनरल मोटर्सच्या यंत्रात टाइप एफ घातले तर गिअर दणके देई. यंत्र निर्दोष, तेल निर्दोष, जोडी चुकलेली.

१९७० मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेलला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातले आणि पाठोपाठ त्याच्या तेलाची आयात थांबली. १९७३ च्या कायद्याने ही बंदी पक्की झाली. रसायनतज्ज्ञांना पर्याय शोधणे भाग पडले. डेक्सरॉन-२ आले. पण त्याच्या सुरुवातीच्या प्रकाराने नवीनच दुखणे आणले. गिअरबॉक्सचे तेल रेडिएटरमध्ये बसवलेल्या नळ्यांतून फिरवून थंड केले जाते. त्या नळ्यांच्या झाळकामाच्या सांध्यांना नवे तेल खाऊ लागले. सांधा गळला की तेल आणि पाणी एकत्र होतात, आणि डिपस्टिकवर लाल तेलाऐवजी गुलाबी, दुधाळ द्रव दिसतो. गंजरोधक घालून तेल पुन्हा सुधारावे लागले. एका रेणूला चार कामांपैकी एकासाठी बदलले, तर दुसऱ्या कामात दोष निघाला.

स्पर्म व्हेलच्या तेलाशी रासायनिक साम्य असलेले तेल जोजोबा या वाळवंटी झुडपाच्या बियांतही असते. त्यामुळे या बंदीनंतर जोजोबाकडे जगाचे लक्ष गेले. आपल्याकडे राजस्थानातही त्याची लागवड झाली. गिअरबॉक्सच्या तेलांत मात्र पुढे मुख्यतः कारखान्यात बनवलेले रेणूच आले. १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाने व्यापारी शिकार थांबवण्याचा निर्णय घेतला, तो १९८६ पासून अमलात आला. मोटारी तोपर्यंत देवमाशाच्या तेलाशिवाय चालू लागल्या होत्या.

संगणक आला तरी

१९७३ च्या तेलसंकटानंतर कन्व्हर्टरमधली घसरण परवडेनाशी झाली. महामार्गाच्या वेगाला दोन्ही पंखे क्लचने एकमेकांना बांधून टाकण्याची युक्ती रूढ झाली. त्याबरोबर खडूची थरथर परत आली, आता कन्व्हर्टरच्या आत. दुसरीकडे गव्हर्नर आणि झडपांची जागा विजेवर चालणाऱ्या झडपा आणि संगणक घेऊ लागले.

क्रायस्लरने १९८९ च्या गाड्यांत आणलेली 'ए ६०४' ही चार गतींची गिअरबॉक्स पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक होती. ती आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या फेऱ्या सतत मोजत असे. दुसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.५७. बाहेर मिनिटाला २००० फेऱ्या असतील तर आत ३१४० हव्यात. त्या ३५०० निघाल्या तर गुणोत्तर १.७५ येते, असा गिअर तर यंत्रात नाहीच! म्हणजे पकड निसटते आहे. संगणक मग दोषाची नोंद करी आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्येच धरून ठेवी, म्हणजे निदान कशीबशी घरी पोचता यावे. 'दुसऱ्यातच अडकली' ही तक्रार घेऊन येणाऱ्या मालकाला ते दुखणे वाटे. वास्तविक तो यंत्राने घेतलेला बचाव होता. दुखणे त्याच्या मागे होते.

या गिअरबॉक्सचे नाव बिघाडांमुळे गाजले. त्यात रचनेतले दोष होतेच. पण एक मोठे कारण पुन्हा जुनेच होते. तिला क्रायस्लरचे खास तेल हवे होते. ते न मिळाल्यास डेक्सरॉन चालेल असे मालकाच्या पुस्तिकेत म्हटले होते, आणि ते चालले नाही. घर्षणाचा स्वभाव वेगळा असल्याने थरथर आणि घसरण सुरू होई. संगणकाला गुणोत्तर चुकल्याचे कळे, तेल कोणते आहे हे कळत नसे.

१९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सर्व मोटारींना दोषांचे ठरावीक संकेतांक देणे सक्तीचे झाले. 'पी ०७३०' म्हणजे गिअरचे गुणोत्तर चुकीचे. हा संकेतांक फार उपयोगी आहे, पण तो लक्षण सांगतो, कारण सांगत नाही. घसरण तेल कमी असल्यामुळे, चुकीच्या तेलामुळे, झिजलेल्या चकत्यांमुळे की अडकलेल्या झडपेमुळे, हे माणसालाच शोधावे लागते. तापमापीने ताप १०२ दाखवला म्हणून मलेरिया की टायफॉइड हे कळत नाही, तसेच.

शोधाचा क्रम

चांगला मेकॅनिक म्हणून स्वस्त आणि सोप्या तपासणीपासून सुरुवात करतो. तेलाची पातळी किती? रंग कसा: लाल, तपकिरी की दुधाळ? वास जळका आहे का? तेल योग्य प्रकारचे आहे का? मग संकेतांक, मग बाहेरच्या तारा आणि नळ्या, मग दाबमापक लावून दाब. गिअरबॉक्स खोलणे सर्वांत शेवटी. कारण एकदा ती खोलली, की दाब मोजण्याची संधी गेली आणि जुने तेल सांडून गेले. म्हणजे पुरावाच गेला.

वर्गात हा क्रम खेळ म्हणून घेता येईल. एका गटाने गुपचूप एक दोष निवडायचा आणि फक्त लक्षणे सांगायची. दुसऱ्या गटाने कमीत कमी तपासण्यांत तो ओळखायचा. प्रत्येक तपासणीला किंमत ठेवा: डिपस्टिक पाहण्याला १ रुपया, दाब मोजण्याला २०, गिअरबॉक्स खोलण्याला ५००. मुले लवकरच विचारू लागतात, की कोणत्या प्रश्नाच्या उत्तराने सर्वांत जास्त शक्यता बाद होतील.

आजच्या अनेक गाड्यांत गिअरबॉक्सला डिपस्टिकच ठेवलेली नसते. तेल पाहायचे तर गाडी सपाट उचलून, तेल ठरावीक तापमानाला आणून, खालचे बूच काढावे लागते. त्यामुळे एक रुपयाची तपासणी आता पन्नास रुपयांची झाली आहे. ती किंमत बदलून खेळ पुन्हा खेळायला सांगा, आणि मुलांचा क्रम बदलतो का ते पाहा.